फिरते ठिपके

नाथादादा,

आज बीडला कॉलेजात सरांनी साठेक वर्षांपूर्वी कम्प्युटरवर बनवलेली फिल्म दाखवली. तिच्यात माणूस न्हाई, गोष्ट न्हाई. अंधारात नुसते रंगीत ठिपके फिरतात, त्यांचे गोल होतात अन् फुटतात. पोरी कंटाळल्या. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. फिट यायच्या आधी मला हेच दिसायचं, दादा. बनवणाऱ्यानं ते कुठं पाहिलं असंल?

त्याचं लोकांनी कौतुक केलं. मला तू देवऋष्याकडं नेलंस. हे पत्र तुला पाठवणार न्हाई, वाचून परत तिकडंच नेशील. देवऋषी माझे केस धरून विचारायचा, "बोल, कोण हायेस तू?" त्याच्यामागं तूबी विचारायचास.

काय दिसतंय, ते कुणीच विचारलं न्हाई.

तवाबी तुझी बहीणच असलेली,
योगिता