वाटाण्याएवढी ग्रंथी

६ मे
पडले! अकरावीच्या वर्गात, हातात खडू, फळ्यासमोर. डोळे उघडले तर चाळीस पोरं वाकून बघतायत. मुख्याध्यापक म्हणाले, "चोल्वे बाई, काही खाता की नाही?" खाते कसली— मक्याच्या न्शिमाचा घास उतरतच नाही हल्ली. चोमाच्या दवाखान्यातून लुसाकाला पाठवतायत.

९ मे
डॉक्टरीण तरुण आहे. पहिलंच विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? दूध आलं होतं?"
सहा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! मला रडू आवरेना.
लुसे झाली तेव्हा ट्रकमध्ये घालून नेलं होतं मला. शुद्ध आली दुसऱ्या दिवशी. दूध आलं नाही— थेंबसुद्धा नाही. लुसेला नणंदेनं पाजलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या गोठ्यातली भाकड गायसुद्धा वासराला चाटते. ही तेही करत नाही."
खरंच करत नव्हते. उठवतच नव्हतं. मग थंडी, झोप, केस गळणं. पाळी तर परत आलीच नाही. दीड वर्षानं हामूंगानं मला माहेरी आणून सोडलं. लुसेला तिकडेच ठेवलं. नवऱ्याशी भांडायलाही अंगात जीव नव्हता. वाटायचं, आईचं काळीजच दिलेलं नाही मला देवानं.

१० मे
पियूषिका ग्रंथी!
मेंदूच्या खाली, हाडाच्या खोबणीत, देठाला लटकलेली, वाटाण्याएवढी. गरोदरपणी फुगते, जास्त रक्त मागते. माझं रक्त वाहून गेलं, तिला मिळालं नाही— पुढचा भाग मेला. दूध तोच आणतो. थायरॉइडला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, बीजकोशांना कामाला तोच लावतो. मागचा भाग शाबूत आहे म्हणे.
अकरा वर्षं ही आकृती फळ्यावर काढतेय. नावं पाठ, कामं पाठ. आणि मला कळलं नाही. मला!

१४ मे
गोळ्या सुरू. जन्मभर.

२ जून
आज भूक लागली. दोनदा वाढून घेतलं. आई ताटाकडे बघत राहिली.

२१ जून
हामूंगाकडे गेले. दवाखान्याचा कागद त्याला कळेना, म्हणून अंगणातल्या मातीत काडीनं ग्रंथी काढून दाखवली. तो उकिडवा बसून बघत होता.
"एवढीशी?"
"एवढीशीच."
मग म्हणाला, "मला वाटलं, तुला मीच नकोसा झालो."
दारात त्याची दुसरी बायको भांडी घासत होती, तिचे हात थांबले. वाईट नाही ती. लुसे तिला बिलगून उभी.
"लुसे, जा, ही तुझी आई," तो म्हणाला.
लुसेनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिच्याकडे! विचारत होती— जाऊ का?
सासूबाई झाडाखाली शेंगा सोलत होत्या. सगळं ऐकलं त्यांनी.
बसमध्ये धीर धरला. घरी आल्यावर आईच्या मांडीत पडून रडले.

२२ जून
गोळ्यांनी सगळं जागं झालंय. सहा वर्षांची माया एकदम आलीय. आता ती ठेवू कुठे?

३० जून
सासूबाई आल्या होत्या. एकट्याच. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.
"माझ्या आईलाही दूध आलं नव्हतं," म्हणाल्या. "अशीच झोपून असायची. चेटकीण म्हणून हाकलली तिला. मी चार वर्षांची होते. सगळ्यांबरोबर मीही दगड मारला."
मग दारातून वळून म्हणाल्या, "पोरी, त्या गोळ्या... तेव्हा होत्या का गं?"
होत्या.
मी म्हटलं, नव्हत्या.