बॉयलर रूममधली दहा मिनिटं

ती. बाबांना,

विशाखापट्टणमहून समिधाचा नमस्कार. मी बरी आहे, मेसमध्ये भातही चांगला मिळतो. आईचा गुडघा कसा आहे? बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली, की अजून जिनेच चढतेय ती?

आमच्या ऑफिसात नव्या युद्धनौकेचं डिझाइन चाललंय. तिच्यात इंजिनवाल्यांना बसायला आवाज अडवणारी वेगळी खोली आहे. जुन्या बोटींत आवाज किती असतो ते मोजायला परवा आम्हाला वाफेवर चालणाऱ्या एका फ्रिगेटवर नेलं. तुमची होती तसलीच. बॉयलर चालू असताना मी कानांवर जाड मफ लावून दहा मिनिटं बॉयलर रूममध्ये उभी राहिले. तरी नंतर तासभर कान वाजत होते.

सोबतच्या जुन्या नौसैनिकांना विचारलं, "पूर्वी कानाला काय लावायचे?"

ते म्हणाले, "कापूस. तोही मिळाला तर."

तुम्ही तिथे सतरा वर्षं काढलीत.

बाबा, माझ्या साखरपुड्यात मी तुम्हाला म्हटलं होतं, "तुम्ही फार मोठ्याने बोलता, लोक बघतायत. थोडा वेळ आत बसा ना." तुम्ही आत जाऊन बसलात. एकाही फोटोत तुम्ही नाही आहात. आईने विचारलं, तेव्हा मी सांगितलं की त्यांनाच गर्दी नकोय.

दिवाळीला येतेय, तेव्हा तिला खरं सांगेन. हे फोनवरही बोलले असते, पण तुम्हाला ऐकू जायला ओरडावं लागलं असतं. माफी मला ओरडून मागायची नव्हती.

तुमची,
समिधा