कोरा उंबरा

नवनगर, हुबळी
फेब्रुवारी १९९९

प्रिय आई,

अळणावरची थंडी ओसरली का? वत्सलामावशीचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण माझं खोटं तुला पत्रातूनही कळतं. मधुवंतीचं सार तुझ्यासारखं होत नाही आणि मी ते तोंडावर बोलून दाखवतो, त्यामुळे घरात सध्या मला फारसा मान नाही.

मंजुनाथ पॉलिशवाला परवा आला होता. पायरीवरूनच 'अव्वार यल्ली?', आई कुठे आहेत, म्हणून तुझी चौकशी. घराचं काम चालू असताना तू त्याच्याजवळ चटई टाकून बसायचीस. घासून गुळगुळीत केलेल्या चौकटीला तो आधी सीलरचा हात द्यायचा. एकदम वरचं चकचकीत पॉलिशच का लावत नाहीस, असं तू विचारलंस तेव्हा तो म्हणाला, 'मोदल कट्टिगी बायी मुच्चबेक्री.' आधी लाकडाचं तोंड बंद करायचं, नाहीतर ते वरचं सगळं पिऊन टाकतं. हे तुला इतकं आवडलं, की मी जेवताना कोर्टातल्या गप्पा सुरू केल्या की तू म्हणायचीस, ह्याला कुणीतरी सीलर लावा रे. पॉलिश वाळलं की नाही ते बोटाच्या पाठीनं बघायलाही तू त्याच्याकडूनच शिकलीस. ते शिकली नसतीस तर माझं बरं झालं असतं.

विद्यानगरच्या भाड्याच्या घराचा उंबरा आठवतो. तू रोज सकाळी तो धुऊन हळदीकुंकवाची बोटं ओढायचीस, इतकी वर्षं, की त्या लाकडाचा मूळ रंग कुणाला माहीतच नव्हता. आप्पा गेले, दिवसकार्य उरकलं, आणि दुसऱ्या सकाळी तू पुन्हा तांब्या घेऊन उंबऱ्याशी बसलीस. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण, घरात आपणच होतो.

ह्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मात्र घर भरलेलं होतं. शकुंतलाआत्यानं मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि म्हणाली, नव्या उंबऱ्याला पहिला हात सवाष्णीचा हवा, वहिनींना तू सांग. दिवसभर कोर्टात तोंड वाजवणारा मी, तिला 'का?' एवढंही विचारलं नाही. मान डोलावली. बाहेर आलो तर तू तबक घेऊन उंबऱ्याशी वाकलेली. मी म्हणालो, आई, हात लावू नकोस, पॉलिश ओलं आहे.

तू थांबलीस. माझ्याकडे बघितलंस आणि तबक सुनेच्या, मधुवंतीच्या हातात दिलंस. थोड्याच वेळात तिनं त्याच उंबऱ्याची पूजा केली. तू भटजींच्या मागे उभी होतीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून अळणावरच्या गाडीत बसलीस, चार दिवस जाऊन येते म्हणून. आता दोन महिने होत आले. फोन केला की तू एवढंच विचारतेस, काय रे, पॉलिश वाळलं का? आणि मी हवेबद्दल बोलायला लागतो.

आई, पॉलिश त्या दिवशी वाळलेलंच होतं. तुला ते माहीत होतं आणि मलाही. आत्याला काल फोनवर सांगितलं, की उंबरा माझ्या आईचा आहे. ती रागावली आहे, रागावू दे. मंजुनाथला मी उंबऱ्यासाठीच बोलावलं होतं. त्यानं वरचं पॉलिश आणि खालचा सीलर दोन्ही घासून काढलं. लाकूड आता अगदी कोरं आहे. लवकर सीलर लावायला हवा म्हणतो, आणि मी त्याला अडवून धरलंय. तू ये. ह्या कोऱ्या लाकडावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं तू ओढ, ती वाळली की वरून सीलर. मंजुनाथ मला बजावतोय, साहेबर, विचार करा, आतला डाग मग जन्मात निघणार नाही. मी रविवारी सकाळच्या गाडीनं तुला न्यायला येतोय.

तुझाच,
श्रीनिधी