समू खोटं बोलत नाही

कळंब, मंगळवार

प्रिय ताई,

काल तू माझं ऐकायच्या आत फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. तुझा राग मला कळतो. अंबादासदादा आपला चुलतभाऊ. बाबा गेल्यावर तुझ्या लग्नाचा मांडव त्यानंच उभा केला, माझ्या बाळंतपणात दवाखान्यात डबे आणले. त्याच्यावर पोलिसांत तक्रार देणारी बहीण तुला वैरीण वाटणारच. गेल्या आठवड्यापर्यंत मलाही कुणी त्याच्याबद्दल असलं काही बोललं असतं, तर मी त्या माणसाला दारातून परत पाठवलं असतं.

झालं असं. सोनारीच्या जत्रेला जायचं म्हणून मी समृद्धीचे कपडे भरत होते. मुक्काम नेहमीसारखा दादाकडंच. पोरगी म्हणाली, मी येणार नाही. मी चिडले. नववीत गेल्यापासून मोबाइल सोडून हलायला नको तुला, असं काहीबाही बोलले. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “मम्मी, मामा मला शेतातल्या खोलीवर नेतो. नको तिथं हात लावतो. दिवाळीत पण केलं, उन्हाळ्यात पण. कुणाला सांगितलंस तर तूच माझ्या मागं लागलीस म्हणून सांगेन, म्हणतो.” ताई, मला रडूसुद्धा आलं नाही.  आणि मी तिला विचारलं काय, तर, जेवलीस का?

यांना सांगितलं. हे म्हणाले, “उद्या हिचं लग्न व्हायचंय. त्याचं येणं-जाणं तोडू, पण बोभाटा नको.” सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात मिटवा. आई फोनवर म्हणाली, तुझ्या पाया पडते, गप बस. सगळ्यांना समूचीच काळजी, पण समूला कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, “मी गेले नाही तर तो दुसऱ्या कुणाला नेईल ना?” मी चप्पल घातली आणि तिला घेऊन निघाले. पोलीस ठाण्याच्या फाटकाशी पोहोचतोय तोवर हे मोटारसायकलवरून मागं आले.  आत शेवटपर्यंत तिचा हात धरून बसले.

जबाब घ्यायला फौजदारबाई साध्या कपड्यांत घरी आल्या. समूशी लई मायेनं बोलल्या. जाताना मला म्हणाल्या, “अशा कितीतरी घरांची कुणकुण आम्हाला लागते. आमच्या दारापर्यंत येतं एखादंच.” दुसऱ्या दिवशी दादाला अटक झाली आणि काल तुझा फोन आला.

तू म्हणालीस, “एवढ्याशा पोरीच्या बोलण्यावर भावाला आत घातलंस? खोटं बोलती ती.” माझे हात पिठात होते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. कॉलेजसाठी माझ्याकडं राहणारी तुझी श्रिया माझ्या शेजारी भाकरी टाकत होती. तिनं सगळं ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली तरी ती उलटेना. मग म्हणाली, “मावशी, समू खोटं बोलत नाही.” मी म्हटलं, मला माहीत आहे गं. तर म्हणाली, “तुला न्हाय माहीत. मला माहीत आहे.”

ताई, खाली बस आणि मग पुढचं वाच. तुझ्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं सोलापूरला होता, तेव्हा तुमच्या माकणीच्या घरी पोरीला सोबत म्हणून दादा येऊन राहिला होता. श्रिया सातवीत होती. तू बरी होऊन आलीस आणि सगळ्यांसमोर त्याचे आभार मानलेस. त्यानंतर तिला कधी तोंड उघडता आलं नाही. आईला काय माहीत, असं तीच मला म्हणाली. तुझ्यावर तिचा राग नाही. फोनवर सांगायला गेली की तिचा आवाजच फुटत नाही, म्हणून तूच लिही म्हणाली. हे सगळं तिनं वाचलंय. फौजदारबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनीही तक्रार देता येते. श्रियाला द्यायची आहे. आई आली तर आईबरोबर जाईन, नाहीतर मावशीबरोबर, म्हणते. पत्र घेऊन आलेले हे बाहेर बसलेत, त्यांच्याबरोबर नीघ. आणि आल्यावर, एवढे दिवस का नाही सांगितलंस, हे मात्र तिला विचारू नको.

तुझीच,
दीपमाला