इंदूवन्संना न सांगितलेलं

नाशिक रोड

ती. इंदूवन्सं यांना शैलजाचा नमस्कार.

यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हा सगळे मानेच्या मणक्याचं दुखणं म्हणत होते. पाच महिन्यांनी कळलं, लिम्फ पेशींचा कॅन्सर हाताच्या नसांमध्येच शिरलाय. फार क्वचित होतो म्हणे. मी घास पुढे केला की हे म्हणायचे, "राहू दे, मी डाव्या हातानं खातो."

मग तुम्ही नामपूरहून आलात. "दिगू, आ कर बरं," एवढंच म्हणालात आणि हे तुमच्या हातून मुकाट्यानं जेवले. जेवता जेवता रडलेसुद्धा. मी वरणाची वाटी घेऊन दारात उभी होते. सव्वीस वर्षांच्या संसारात माझ्यासमोर हे कधी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "केमो चालू आहे, डॉक्टरांनी घरात पाहुणे नको सांगितलंय." वन्सं, डॉक्टर तसं काहीच म्हणाले नव्हते. तुम्ही निमूट पिशवी भरलीत आणि वर मलाच म्हणालात, "तू जप गं स्वतःला."

तेव्हापासून रोज तुमचा फोन येतो आणि मी "आहे तसंच" म्हणते. पण काल हात पुसताना हे दचकून म्हणाले, "पाणी गार आहे गं, शैला." सात महिन्यांनी त्या बोटांना गार कळलं. आम्ही दोघंही रडलो.

"ताईला सांग," म्हणाले. मी हो म्हटलं.

अजून सांगितलेलं नाही. हे पत्र चार दिवसांनी टाकीन; तोवर हे माझं एकटीचं असू द्या.

तुमची भावजय,
शैलजा