सहाव्या रिळातलं नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय चित्रपटसंगीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते आहे. दबाव आहे, मी त्याखाली आलेले नाही, एवढंच. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि म्हणताना माझ्याऐवजी कागदांकडे बघतात. यापूर्वीचं मृत्युपत्र, जे माझ्या मुलाने टाइप करून आणलं होतं आणि ज्यावर मी चष्मा न लावता सही केली होती, ते या लेखाने रद्द होत आहे.

१. राहतं घर मुलाला द्यावं. त्याबद्दल वाद नाही. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे ती आधी काढून घ्यावी; मी नऊ वर्षं सांगते आहे.

२. बँकेतली ठेव, माझे चार दागिने आणि पियानो सूनबाईला. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने आमचा गाजलेला सिनेमा पाहिला आणि म्हणाली, "आई, मला नाही आवडला. शेवटी शेवटी नुसती धडधड होते." माझ्या तोंडावर असं बोलणारी या घरातली ती पहिलीच. पियानोचे खालचे दोन सूर उतरलेले आहेत, ते तिला माहीत आहे.

३. मातीच्या सहा शिट्ट्या, दोन जिभांचा पोकळ लाकडी ढोल आणि हरणाच्या शिंगाने घासून वाजवायची कासवाची पाठ, ही वाद्यं संगीतशाळेला द्यावीत. मुलांनी ती वाजवावीत. काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर देऊ नयेत. यांच्या मूळ वस्तू मी संग्रहालयात काचेबाहेरून फूटपट्टी धरून मोजल्या होत्या. कुंभाराने त्या मापांवरून चाळीस शिट्ट्या केल्या, त्यातल्या सहाच वाजल्या. सिनेमा मध्य अमेरिकेतल्या एका प्राचीन, ओसाड पडलेल्या शहरावर होता. ते लोक वाद्यं मागे ठेवून गेले, स्वरलिपी नाही. म्हणजे त्यांचं संगीत कसं होतं हे कोणालाही ठाऊक नाही.

४. ज्या समीक्षकाने "या संगीतात ते प्राचीन शहर श्वास घेते" असं लिहिलं, त्याचं कात्रण माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. ते त्याला परत करावं. त्या शहराचा श्वास मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तयार केला होता. आणि मला त्यात मजा वाटू लागली होती, हे इथे कबूल करते. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत. त्यांचे वंशज आजही त्याच मुलखात राहतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. मेलेल्यांशी असं वागायचा हात बसला, मग जिवंत माणसाशीही मी तशीच वागले. ते पुढच्या कलमात.

५. सिनेमाच्या सहाव्या रिळात नरबळीचा प्रसंग आहे. दिग्दर्शकाला तिथे काळजाचं पाणी व्हायला हवं होतं. माझ्या शिट्ट्यांनी ते होईना. आमच्या स्टुडिओची लिफ्ट दुरुस्त करायला एक मिस्त्री येत. ते आफ्रिकेतून इथे येऊन स्थायिक झाले होते. एकदा मशीन सुरू व्हायची वाट बघताना ते जिन्याच्या कठड्यावर बोटांनी काही वाजवत होते. मी चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांच्याकडे वडिलांचा ढोल आहे. काखेत धरून दोऱ्या दाबल्या की त्याचा आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. त्यांच्या भाषेत शब्दाचा अर्थच आवाजाच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे तो ढोल खरोखर बोलतो. गावातल्या प्रत्येक माणसाला ढोलावरचं नाव असतं.

आफ्रिका कुठे, मध्य अमेरिका कुठे, हे मला कळत होतं. मी म्हणाले, प्रेक्षकाला काय फरक पडतो.

मायक्रोफोन तपासायला मी म्हटलं, काहीही वाजवा. त्यांनी आईचं नाव वाजवलं आणि पुढे, मी बरा आहे, जेवलो आहे. मग मी म्हटलं, आता काहीतरी जड वाजवा, कोणी मेल्यासारखं. ते जरा घुटमळले. म्हणाले, "बाई, हे उगाच वाजवत नाहीत." मी आग्रह केला. त्यांनी मरणाची वार्ता सांगणारे बोल वाजवले, पण पुढे कोणाचं नाव लावलं नाही.

नाव मी लावलं. टेप कापून, आईच्या नावाचे चार सेकंद मी त्या बोलांच्या आधी जोडले. कशाचा अर्थ काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ताल अचूक बसत होता, आणि नावाचा शेवटचा ठोका बरोबर सुरी खाली येताना पडत होता. एवढंच मी पाहिलं.

सगळे आवाज एकत्र करायच्या, म्हणजे मिश्रणाच्या दिवशी त्यांनी ते ऐकलं. जिना चढून वर आले, हातात पाना तसाच.

"बाई, यात माझी आई मेली म्हणून सांगितलंय. माझी आई जिवंत आहे."

"इथे ते कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय. नाव काढा. दुसरं काहीही लावा, मी आत्ता वाजवून देतो."

बाहेर माझे यजमान, म्हणजे निर्माते, घड्याळ बघत उभे होते. बदल वीस मिनिटांचा होता. मी म्हणाले, "आता उशीर झाला." उशीर झाला नव्हता. मला तो ठोका सोडवत नव्हता.

सिनेमा देशोदेशी गेला, तसा त्यांच्या गावीही गेला. मुलाचा ढोल वाजणार म्हणून लोकांनी त्यांच्या आईला पहिल्या रांगेत बसवलं. पुढे काय झालं ते मला तीस वर्षांनी कळलं. ती बाई उठली आणि एकटी चालत घरी गेली. मिस्त्री तिकीट काढून भेटायला गेले, तर पाठ करून बसली. म्हणाली, "मेलेल्या बाईकडे कशाला आलास?" ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. मुलाशी पुन्हा बोलली नाही. त्यांनी ढोल परत हातात धरला नाही.

६. हे मला कळलं कारण गेल्या वर्षी मुलाने तो सिनेमा नव्याने झळकवायचं ठरवलं आणि जाहिरातीत नेमका तोच तुकडा घेतला. तेव्हा मी मिस्त्रींचा पत्ता शोधून त्यांच्या घरी गेले. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसून विचारलं, "काय हवंय, बाई? माफी?"

"हो."

"ती माझ्याकडे नाही. आईकडे होती."

मग त्यांनी वर लिहिलेली सगळी हकिकत सांगितली. मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांची मुलगी दाराशी उभी होती. शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "तुमचा सिनेमा लागला की माझी आजी पुन्हा मरते. आम्ही मोजणं सोडून दिलंय."

७. सबब, त्या ध्वनिमुद्रणाच्या सर्व मूळ फिती, कापलेल्या आणि न कापलेल्या, मिस्त्रींच्या मुलीला देते. त्या आधीच तिच्या ताब्यात गेल्या आहेत. मुलाने गेल्या महिन्यात दोनदा फितींच्या कपाटाची किल्ली मागितली, आणि गेल्या सोमवारी कुलूपवाल्याला घेऊन आला. कपाट तेव्हा रिकामं होतं. बेटा, त्या दिवशी तुझा चेहरा मी पाहिला. तू तुझ्या वडिलांसारखा घड्याळ बघत होतास.

८. चित्रपट वडिलांमागे मुलाचा आहे, संगीताचे हक्क माझे. ते हक्क मी मुलाला देते, एका अटीवर: सिनेमा यापुढे केवळ सुधारलेल्या सहाव्या रिळासह दाखवावा. जुना तुकडा कुठेही, जाहिरातीतसुद्धा, वाजला तर हक्क त्याच दिवशी मिस्त्रींच्या मुलीकडे जातील. तिने आधी नको म्हटलं. मी म्हणाले, हे तुला बक्षीस नाही, पहारा आहे. मग ती हो म्हणाली.

९. रीळ मी गेल्या आठवड्यात सुधारलं. माझा हात थरथरतो, म्हणून सोबत आमचा जुना ध्वनिमुद्रक होता, ज्याला सगळे 'कान' म्हणतात. (त्याने माझा चांगला मायक्रोफोन नेऊन परत दिला नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केलं आहे.) आईच्या नावाचे चार सेकंद काढले. तिथे दुसरं काही बसवायचा प्रयत्न केला, शिट्टी, कासव, सगळं. काहीच शोभेना. शेवटी ती जागा मोकळी ठेवली. प्रसंग पूर्वीइतका जमत नाही. सुरी वर जाते आणि काहीच ऐकू येत नाही.

मिस्त्रींची मुलगी ऐकायला आली. स्वतः ते आले नाहीत. तिने तीनदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "आता कोणीतरी मेलंय एवढंच कळतं. कोण ते नाही." आणि पर्स उचलून निघाली. जिन्यात तिने वडिलांना फोन लावलेला मी ऐकला. बोलणं तिच्या भाषेत होतं, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही.

ते चार सेकंद माझ्यामागे कोणीही भरू नयेत. संगीताने नाही, वाऱ्याच्या आवाजाने नाही, माझ्या स्मरणार्थ तर मुळीच नाही.

१०. आज सकाळी मुलगा आला. त्याला समोर बसवून सहावं रीळ दाखवलं.

"आई, इथे आवाज गेलाय."

"गेला नाही. मी काढलाय."

"लोक त्याच ठोक्यासाठी येतात. तू तीस वर्षांनी स्वतःचंच काम मोडतेयस."

"हो."

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. त्याचे कान लाल झाले होते; लहानपणापासून रडू आवरताना तसेच होतात. नवव्या कलमापर्यंत लिहून झालेला हा लेख मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला, सातवं कलम दोनदा.

"मी यावर सही करणार नाही," तो म्हणाला.

"तुझी सही लागत नाही, बाळा. मृत्युपत्रावर वारसाची लागत नाही."

लागते ती माझी. ती मी खाली, दोन्ही साक्षीदारांसमोर, करत आहे. मुलगा अजून खोलीतच आहे.

सही : (लिहून देणार)

आमच्या समक्ष त्यांनी वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली :
साक्षीदार १ : सही. ध्वनिमुद्रक, निवृत्त ('कान')
साक्षीदार २ : सही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर

स्थळ : राहत्या घरी, पियानोच्या खोलीत
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा मंगळवार, सकाळी साडेअकरा