उपोषणाचं पूर्ण चित्र

रोहिदासराव मेहुणे यांस मोशीहून सोपानचा रामराम. (लाल सलामही घ्या, दोन्ही जुनेच आहेत.) गुडघा कसा आहे? चाकणच्या खड्ड्यांतून दुचाकी चालवू नका, असं तुमच्या बहिणीने दोनदा बजावलंय.

पत्रास कारण, चिरंजीव जयदीपने पंचावन्न इंची टीव्ही आणलाय. त्र्याण्णव साली कारखान्याच्या गेटवर मी केलेलं उपोषण तेव्हा दूरदर्शनवर कामगारांच्या कार्यक्रमात दाखवलं होतं ना, ते नात विजयश्रीने कुठूनसं शोधून त्यावर लावलं. पण जुनं चित्र चौकोनी आणि नवा पडदा आडवा. टीव्हीने आपल्या अकलेने चित्र दोन्हीकडून ताणलं आणि उपोषणाच्या सहाव्या दिवशी मी लेबर कॉन्ट्रॅक्टरसारखा गुबगुबीत दिसू लागलो. सूनबाई मंजुषा म्हणाली, "मामा, उपाशी असून तब्येत छान होती तुमची." मग तिने झूम केलं, तर माझं कपाळ आणि मागण्यांचा फलक छाटला गेला. उरलं फक्त तोंड. (याला मागण्या नाहीत, नुसतं तोंड आहे, हेच व्यवस्थापन तेव्हा म्हणत होतं.)

मी उभा राहिलो. सोफ्यावरच्या चार माणसांपुढे अर्धा तास बोललो. इतिहास पडद्याच्या मापाने बेतायचा नसतो. ताणून सुजवणारे आणि सोयीपुरतं छाटणारे, दोघेही सत्याचे वैरी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात तर राहू द्या, त्या निदान प्रामाणिक आहेत. मंजुषा पुटपुटली, "मग छोटाच घेतला असता." पण विजयश्रीचे डोळे भरून आले. तुमच्या बहिणीने सांगितलं, की ते सहा दिवस तिनेही घरी अन्न घेतलं नव्हतं, तेव्हा बघायचं तर पूर्णच बघू. रविवारी पाच वाजता युनियनची जुनी मंडळी येताहेत. तत्त्व जिंकलं.

तुमचा,
सोपान

ता. क. आज घरी कोणी नसताना मी पूर्ण चित्र लावून पाहिलं. माझ्या बाकड्याखाली तुम्ही रोज संध्याकाळी गुपचूप आणायचात तो तीन पुडांचा डबा आहे. ताणलेल्या चित्रात तो घमेल्यासारखा वाटला होता, झूममध्ये छाटला गेला होता. तुमच्या लग्नात तुमच्या बहिणीनेच नाव घालून दिलेला डबा. तिला भांडं ओळखायला नाव वाचावं लागत नाही.

ता. ता. क. विजयश्रीला म्हटलं, झूमच बरं दिसतं. तिने माझंच भाषण मला ऐकवलं, अर्धा तास. तेव्हा रविवारी चारलाच या आणि डबा तुमचा होता, जेवलातही तुम्हीच, असं बहिणीला सांगा. उपाशी माणसापुढे बसून जेवलात म्हणून ती बोलेल, ते ऐकून घ्या. मलाही चारचौघांत तुम्हाला दोन शब्द सुनावावे लागतील. तत्त्वाचा प्रश्न आहे.